हाळीला किती तारे

"काम छोटं आहे," असं येस्पर फोनवर म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. वर्तमानपत्राच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. काम मोठं असलं की संपादक समोर बसवून कॉफी पाजतो. छोटं काम तो फोनवर सांगतो, आणि ते संपता संपत नाही.

येस्पर आमचा नवा संपादक. दक्षिणेकडच्या मोठ्या शहरातून आलेला, तिशीतला, अतिशय सभ्य. त्याला आमच्या हॅरयेदालेन या डोंगराळ प्रांतात जे दिसेल ते 'अस्सल' वाटतं. एकदा त्याने आमच्या पेट्रोल पंपालाही हे विशेषण लावलं होतं. आमच्या चार्नवालेन गावातल्या 'स्वार्तमीर' या रॉक बँडचा नवा अल्बम नुकताच निघाला होता आणि राजधानीतल्या समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. एकाने लिहिलं होतं, की हा अल्बम ऐकताना आपल्या बुटांत शेवाळ उगवतंय असं वाटतं. हे कौतुक होतं. येस्परचं म्हणणं असं, की समीक्षकांचं पुरे झालं. ज्या मातीतून हे संगीत आलं त्या मातीतल्या माणसांना ते कसं वाटलं ते आपण छापू.

"दहा-बारा श्रोते. प्रत्येकाची दोन वाक्यं, आणि पाचापैकी किती तारे ते. एखाद्या शनिवारी टाकू. तू तर तिथेच राहतोस, बिर्गर."

तिथेच राहणं ही या कामातली सोय नसून अडचण आहे, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. समीक्षक लिहून मोकळा होतो आणि गाडीत बसून घरी जातो. मला त्याच बर्फ उपसणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे पुढच्या जानेवारीत जायचं असतं.

अल्बमबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्यात गिटार होती, ढोल होते, आणि जुन्या नाचांच्या चाली इतक्या संथ केलेल्या होत्या की नाचायला गेलेला माणूस मध्ये बसून जेवून येऊ शकला असता. तळ्यावरचा बर्फ तडकतानाचा आवाज होता. गावातली लाकडाची करवत गिरणी एका अख्ख्या गाण्यात चालू होती. आणि मधोमध नऊ मिनिटांचं एक गाणं होतं, ज्यात आमच्या यॉर्दिसची हाळी होती.

यॉर्दिस उन्हाळाभर गाई घेऊन डोंगरावरच्या वाडीत राहते. गाई दिवसभर रानात चरतात आणि संध्याकाळी तिने उंच, चिरत जाणारी हाळी दिली की परततात. पूर्वी आमच्याकडे घराघराची हाळी वेगळी असे. यॉर्दिसची तिच्या आईकडून आलेली आहे, आणि आता गावात तेवढी एकच उरली आहे. बँडची गायिका तूवा हिने ती गेल्या वर्षी वाडीत जाऊन ध्वनिमुद्रित केली होती. गाण्यात आधी यॉर्दिसचा आवाज येतो, मग तीच हाळी तूवा देते, आणि मग गिटार आणि ढोल असे काही कोसळतात की आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा पलंगाखाली गेला तो जेवायच्या वेळीच बाहेर आला.

येस्परचा फोन आला त्याच संध्याकाळी तूवा आमच्या दारात उभी राहिली. बातमी तिला कुठून कळली हे मी विचारलं नाही. आमच्या गावात असं विचारत नाहीत.

"तू यॉर्दिसकडे जाणार आहेस ना?" तिने विचारलं.

"तूच विचार की तिला. तुझी तिची ओळख माझ्यापेक्षा जास्त."

"मी विचारलं तर ती 'छान आहे' म्हणेल. मग संपलंच. मला कधीच कळणार नाही." ती बूट न काढता पायपुसण्यावरच उभी होती; म्हणजे गंभीर होती. "जूनमध्ये तिला रेकॉर्ड नेऊन दिली. त्यानंतर दुकानात एकदा भेटली, तर म्हणाली, 'मिळाली.' बस्स."

"मिळाली म्हणजे वाईट नाही."

"बिर्गर, मी तिच्या हातात दिली होती. मिळाली हे मला माहीतच होतं." मग तिने खरं काय ते सांगितलं. "महिनाअखेरीला दुसरी आवृत्ती छापायला जातेय. तिला आवडलं नसेल तर ते गाणं मी काढणार. आवाज तिचा आहे. तिच्या आईचा आहे, खरं तर. शहरातल्या लोकांच्या बुटांत शेवाळ उगवावं म्हणून तो मी वापरू शकत नाही."

"पण ते काढलं तर उरतं काय?"

"करवत गिरणी," तूवा म्हणाली आणि गेली.

माझी बायको मायलिस स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "जा, पण पोट सांभाळ." तिला या गावाची माझ्यापेक्षा चांगली माहिती आहे.

आमच्याकडे कुणाच्याही घरी काही विचारायला गेलं की आधी बूट काढायचे, मग कॉफी घ्यायची, कॉफीबरोबर जेवढ्या प्रकारची बिस्किटं असतील त्यांतलं प्रत्येकी एक खायचं, आणि मग हवेबद्दल बोलायचं. हे सर्व होईपर्यंत मूळ प्रश्न विचारणं म्हणजे असभ्यपणा. पहिल्या दिवशी मी पाच घरं केली. पाचव्या घरी इतक्या कॉफीनंतर माझा कप बशीवर खडखडत होता आणि घरमालकीण सहानुभूतीने म्हणाली, "लिहिण्याचं काम फार ताणाचं असणार."

मतं कशी मिळाली ते सांगतो. पहिल्या घरी: "वेगळं आहे." दुसऱ्या घरी: "वेगळं आहे हो." तिसऱ्या घरचा गृहस्थ खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "मुखपृष्ठावरचं ते खोपट आमचं आहे. छप्पर रंगवायचं राहिलंय. आधी सांगितलं असतं तर रंगवलं असतं." हे तिथपर्यंतचं सर्वात सविस्तर मत होतं. चौथ्या घरी त्यांनी अल्बम ऐकलाच नव्हता, पण तूवाची आजी फार कामसू होती असं ते म्हणाले.

आणि तारे? तारे सगळ्यांनी तीन दिले.

"तीनच का?" मी पाचव्या घरच्या बाईला विचारून पाहिलं.

"चार दिले तर बाकीच्यांना काय वाटेल?"

"बाकीचे कोण? एकच बँड आहे आपल्याकडे."

"चर्चमधला गायकवृंद आहे ना," ती बाई म्हणाली. "त्यांना अजून कुणी विचारलंसुद्धा नाही."

दोन देणं शक्यच नव्हतं, कारण दुकानात तूवाची आई भेटते. पाच दिलं तर माणूस शिष्ट ठरतो. तीन तारे म्हणजे आमच्याकडे मत नव्हे. तो रस्त्यात भेटल्यावर टोपीला लावलेला हात आहे.

मी एक शोध मात्र लावला, आणि तो मी तरुण बातमीदारांना फुकट देऊन टाकतो. खरं मत कॉफीच्या टेबलावर मिळत नाही. ते बाहेरच्या दालनात मिळतं, आपण बुटाच्या नाड्या बांधत असताना. माणूस वाकलेला असला, त्याचे डोळे दिसत नसले, आणि तो आता जाणार हे नक्की झालं, की यजमान मोकळा होतो. तेव्हा मी नाड्या सावकाश बांधू लागलो. सहाव्या घरी मी एकच नाडी तीनदा सोडली, आणि वरून आवाज आला, "ते बर्फाचं गाणं ऐकून मला भाऊ आठवला. तो त्याच तळ्यात गेला ना." मी वर पाहिलं, तर म्हातारा म्हणाला, "हे लिहू नकोस. तीन लिही."

शेवटी मी येस्परला फोन केला.

"सगळे तीन?" तो म्हणाला. "एकही चार नाही? निदान एखादा एक? बिर्गर, वाचकाला काहीतरी लागतं."

"वाचक हेच आहेत," मी म्हणालो.

"आणि ती म्हातारी? जिचा आवाज आहे? मला सगळ्यांत आधी तिचंच मत हवंय."

यॉर्दिसकडे मी गेलो नव्हतो असं नाही. वाडीपर्यंत तासभर चढून गेलो होतो. तिने कॉफी दिली. हवेबद्दल बोललो. मी नाडी बांधायला वाकलो, तर ती बुटाकडे पाहून म्हणाली, "या नाड्या बदल," आणि आत निघून गेली.

या टप्प्यावर रूनेचा सल्ला आला. रूने हा आमच्या ग्रामसभागृहाचा अध्यक्ष. तोच एल्क हरणांच्या शिकारीच्या टोळीचा म्होरक्या, आणि पूर्वी त्याचं नाचगाण्याचं पथक होतं म्हणून गावातले एकमेव मोठे ध्वनिवर्धकही त्याच्याकडेच आहेत. त्याच्याशी वाकडं घेऊन चार्नवालेनमध्ये ना सभा घेता येते, ना शिकार करता येते, ना आवाज.

"घरोघर जातोस तिथेच चुकतोस," तो म्हणाला. "पेपरवाला दारात आला की माणसाला वाटतं कुणीतरी गेलं. सगळ्यांना सभागृहात बोलाव. कॉफी ठेव, अल्बम लाव, चिठ्ठ्या वाट. नाव लिहायचं नाही. मग बघ कसे तारे पडतात."

सल्ला शहाणपणाचा होता, हे मी आजही मान्य करतो. मात्र रूने लगेच पुढे म्हणाला, "फक्त परवानगीचं बघ," आणि माझा तो आठवडा गेला.

सार्वजनिक कार्यक्रमाला पोलिसांची परवानगी लागते. मी फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे प्रश्न विचारले. नाच होणार का? नाही. दारू? नाही. किती माणसं? सांगितली. प्राणी असणार का?

"प्राणी कशाला असतील?"

"सर्कस असेल तर नियम वेगळे आहेत. नाही असं लिहू?"

"नाही लिहा," मी म्हणालो, आणि माझ्या ठाम स्वराचं मला तेव्हा बरंही वाटलं.

पोलिसांचं झालं, तर कळलं की ध्वनिमुद्रित संगीत सार्वजनिक ठिकाणी वाजवायला वेगळा परवाना लागतो. तिथल्या कार्यालयातल्या तरुणाने मला फोनवर विचारलं, की कलाकारांची या वाजवण्याला हरकत नाही ना. मी म्हणालो, कलाकार माझ्या शेजारीच उभी आहे. तूवा खरंच उभी होती. तो म्हणाला, ते ठीक, पण परवाना तिलाही लागेल. मग त्याने नऊ मिनिटांच्या गाण्याचा संगीतकार कोण असं विचारलं, तेव्हा मी फोन तूवाकडे दिला. तूवा म्हणाली, हाळी जुनी आहे, कुणी रचली माहीत नाही.

"अज्ञात संगीतकाराशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला होता का?"

तूवाने फोन परत माझ्या हातात दिला आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी त्याला सांगितलं, की प्रयत्न चालू आहे. यात काही खोटं नव्हतं.

सभागृहाच्या समितीचीही एक बैठक झाली. तिथे असा मुद्दा निघाला, की नियमावलीत 'संगीताचा कार्यक्रम' आणि 'कॉफीचा कार्यक्रम' यांचं भाडं वेगळं आहे. बऱ्याच चर्चेनंतर आमचा कार्यक्रम 'आवाजासह कॉफी' असा नोंदवण्यात आला. मायलिसने सात प्रकारची बिस्किटं करायची कबुली दिली. सातपेक्षा कमी केली तर कंजूष म्हणतात आणि जास्त केली तर मिरवते म्हणतात. तारे आणि बिस्किटं यांचा हिशेब आमच्याकडे एकाच पद्धतीने चालतो.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती आणि चांगलीच उष्ण. सभागृह भरलं. खरोखर भरलं, एरवी फक्त लॉटरीला येणारी माणसंसुद्धा होती. स्वार्तमीरची पोरं-पोरी मागच्या भिंतीला टेकून, शाळेत उशिरा आल्यासारखी उभी होती. आणि यॉर्दिस आली. वाडीवरून चालत आली, खांद्याला नेहमीची पिशवी अडकवलेली, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. तूवाने तिच्याकडे न पाहिल्यासारखं करत सारखं पाहिलं.

"खिडक्या उघडा," रूने म्हणाला. "नाहीतर कुणीतरी कोसळेल आणि पुन्हा पोलिसांना सांगावं लागेल."

खिडक्या उघडल्या. अल्बम सुरू झाला. करवत गिरणीच्या गाण्याला गिरणीचे दोन निवृत्त कामगार एकमेकांकडे बघून हळूच माना हलवत होते. करवतीचं पातं बोथट आहे असं त्यांचं मत मला नंतर समजलं. मग ते नऊ मिनिटांचं गाणं आलं. रूनेचे ध्वनिवर्धक एके काळी अख्ख्या तळ्याकाठाला नाचवत असत, आणि रूनेला आवाज कमी ठेवणं म्हणजे अपमान वाटतो. यॉर्दिसची हाळी सभागृहातून निघाली, खिडक्यांतून बाहेर पडली आणि सरळ डोंगराला जाऊन भिडली. मी यॉर्दिसकडे बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. फक्त ढोल सुरू झाले तेव्हा तिने मान किंचित वळवून दाराकडे पाहिलं.

अल्बम संपला. टाळ्या वाजल्या, तीन ताऱ्यांच्या. मी चिठ्ठ्या वाटल्या आणि दोन शब्द बोललो, की मोकळेपणाने लिहा, नावं नकोत, वगैरे. सगळे चिठ्ठीवर आडवा हात धरून परीक्षेतल्यासारखे लिहू लागले. त्या शांततेत लांबून घंटेचा आवाज आला. मग दुसऱ्या घंटेचा. मग बऱ्याच.

"अजून एक गाणं आहे वाटतं," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या आणि ऐकलं. घंटा हळूहळू जवळ येत होत्या, मध्येच थांबत होत्या, परत वाजत होत्या.

"हे चांगलंय," रूने म्हणाला. हे त्याने मोठ्याने म्हटलं, सर्वांसमोर. "हे सगळ्यांत चांगलं आहे. उगाच काही केलेलं नाही यात."

"साधं आहे," कुणीतरी मागून म्हणालं. "असंच सगळं करायला हवं होतं."

आठवडाभर बुटाच्या नाड्या बांधून मला जे मिळालं नव्हतं ते आता सभागृहभर वाहत होतं, आणि मी ते घाईघाईने टिपून घेत होतो. ढोलवादक हाम्पुस भिंतीशी उभा राहून तूवाला विचारत होता, "हे आपण कधी केलं?" तूवा खिडकीकडे बघत होती. खिडकीतून एक पांढरं, ठिपकेवालं, बिनशिंगांचं डोकं आत आलं होतं आणि मायलिसच्या बदामी बिस्किटांचा वास घेत होतं.

यॉर्दिसच्या गाई संध्याकाळच्या हाळीची वाट पाहत रानात उभ्या होत्या. हाळी आली. त्या आल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पुढे काय झालं याचं वर्णन मी बातमीदाराच्या संयमाने करतो. दोन गाई दारातून आत आल्या, कारण दार उघडं होतं. बाकीच्या खिडक्यांशी थांबल्या. एकीने रूनेचा डावा ध्वनिवर्धक पाडला आणि त्यानंतर त्याला चाटून पाहिलं. लोक किंचाळले वगैरे नाहीत. त्यांनी आपापले कप उचलून छातीशी धरले आणि गाईंना वाट दिली. मी समजूत घालण्याच्या हेतूने एका गाईसमोर हात पसरून उभा राहिलो. तिने मला बाजूला केलं. तिने ते रागाने केलं नाही. आपण वाटेतली खुर्ची सरकवतो तसं केलं, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

"हाळी कुणी दिली?" यॉर्दिस उठून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

सगळे तूवाकडे बघू लागले. तूवा माझ्याकडे. मी रूनेकडे.

"ज्याने बोलावलं त्याने द्यायचं असतं," यॉर्दिस म्हणाली. "आल्या आणि काही मिळालं नाही, तर उद्या कशाला येतील?"

तिच्या पिशवीत मीठ घातलेलं पीठ असतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण तिने पिशवीला हात लावला नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तेव्हा तूवाने टेबलावरचं बिस्किटांचं ताट उचललं आणि गाईंच्या मधोमध जाऊन एकेकीला भरवू लागली. मागोमाग मी दुसरं ताट घेतलं. सातही प्रकार गेले. मायलिस नंतर म्हणाली, की इतक्या मनापासून तिचं कुणी आजवर खाल्लं नव्हतं, आणि तेही माझ्याकडे बघत म्हणाली.

चिठ्ठ्याही गेल्या. मी त्या गोळा करून ताटाशेजारी टोपीत ठेवल्या होत्या. एका गाईने टोपीतून तोंड वर काढलं तेव्हा तिच्या ओठाला शेवटची चिठ्ठी चिकटलेली होती. त्यावर तीन तारे दिसले. बाकीच्यांवरही तेच असणार, त्यामुळे माहितीचं फारसं नुकसान झालं नाही असं मी स्वतःला सांगितलं.

यॉर्दिसने मग गाई बाहेर काढल्या आणि त्यांच्या पुढे चालत डोंगर चढून गेली. अल्बमबद्दल चकार शब्द नाही. सभागृहात तूवा रिकामं ताट घेऊन उभी होती. "काढते ते गाणं," ती म्हणाली. "आता तिच्या गाईसुद्धा फसवल्या मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वाडीवर गेलो. नाड्या नव्या होत्या. कॉफी झाली, हवा झाली. या वेळी मी वाकलो नाही, सरळ विचारलं.

"यॉर्दिस, मला तुझं मत हवंय. आणि तारे. पाचापैकी."

"बाकीच्यांनी किती दिले?"

"तीन."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"म्हणजे कुणी ऐकलंच नाही." तिने कप खाली ठेवला. "दोन लिही."

मी लिहिलं. "दोन कशाबद्दल?"

"पोरीचा आवाज एक. शिकवल्याशिवाय चढलाय तो, मी कुठे शिकवला होता? आणि दुसरा, गाई आल्या त्याचा."

"आणि बाकीचे तीन?"

"हाळी दिली की थांबायचं असतं," ती म्हणाली. "ते काही गाणं नाही, बिर्गर. तू हाक मारतोस. मग गप्प बसून ऐकतोस, की गाय कुठे आहे. ती मान उचलते, घंटा वाजते. मग कळतं, सगळ्या आहेत की एखादी अडकलीय. आई तर श्वाससुद्धा घेत नसे तेवढ्यात. आणि यांनी काय केलं? मी हाक मारली, आणि तो पोरगा लागला बडवायला. गाईने उत्तर द्यायचं कुठे? किती वेळा ऐकली मी ती रेकॉर्ड. दर वेळेला वाटतं, आता थांबतील."

"किती वेळा ऐकलीस?"

"रोज," यॉर्दिस म्हणाली, जणू मी दूध काढतेस का असं विचारलं होतं.

मी सगळं येस्परला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. सभागृहातल्या गाईंवर तो बेहद्द खूश होता, त्याला त्या पहिल्या पानावर हव्या होत्या. पण दोन तारे त्याला जड जात होते.

"हिचे आपण वगळू या का? बिचाऱ्या मुलीचं गाणं काढून टाकलं जाईल. तूच म्हणालास. नाहीतर तीन लिही. कोणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर तो मोह मलाही झाला होता. तूवा पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला ओळखतो. पण माणसाने दोन म्हटलं तर दोन छापायचे असतात. या धंद्यात मला बाकी फारसं काही येत नाही.

"दोन," मी म्हणालो. "आणि तिचं बोलणं एक शब्दही न कापता."

शनिवारी सकाळी तूवा पेपर घेऊन आली. या वेळी तिने बूट काढले. स्वयंपाकघरात बसली, मायलिसने कॉफी ठेवली ती तशीच राहिली. मी माझ्या बाजूने बोलायला सुरुवात केली, की छापणं माझं कर्तव्य होतं वगैरे, तर मायलिसने मला पायाने ढोसलं.

"रोज," तूवा म्हणाली. "रोज ऐकते ती."

"हो."

"दोन दिलेत." तिने पेपर घडी केला, पुन्हा उघडला. "बिर्गर, राजधानीतल्या त्या माणसाने पाच दिले होते, आणि त्याला ही थांबायची जागा दिसलीच नाही. मला पण नाही दिसली." मग तिने आमच्याच फोनवरून रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याला फोन लावला आणि दुसरी आवृत्ती थांबवायला सांगितलं. पलीकडचा माणूस बहुधा कारण विचारत असावा. "एका ठिकाणी गप्प बसायचं राहिलंय," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी आम्ही वाडीवर गेलो. पुढे तूवा, मध्ये खांद्यावर एकच ढोल घेऊन धापा टाकणारा हाम्पुस, मागे मी. मी का गेलो, तर मला कुणी नको म्हटलं नाही. यॉर्दिसने आम्हाला पाहिलं, ढोलाकडे पाहिलं, आणि हाम्पुसला अंगणातल्या लाकडाच्या ओंडक्यावर बसवलं.

"काठ्या हातात धर," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हा मार. त्याआधी नाही."

तिने कुंपणाशी जाऊन हाळी दिली. आवाज रानावरून गेला आणि संपला. ती थांबली. तूवा थांबली. हाम्पुसच्या काठ्या हवेत होत्या. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, फक्त देवदारांत वारा होता. आणि मग खूप लांबून, डावीकडून, एक घंटा वाजली. मग तिच्या जरा वरून दुसरी.

"आता," यॉर्दिस म्हणाली.

हाम्पुसने ढोल वाजवला नाही.

"काय रे?"

"ऐकत होतो," तो म्हणाला.

यॉर्दिसने त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग कुंपणाजवळ सरकून तूवाला जागा करून दिली, आणि खांद्यावरची मिठाची पिशवी काढून तिच्या गळ्यात अडकवली. "हाळी तू दे आता. हाक मारलीस की द्यायचंही तूच."

गाई येईपर्यंत मी वही काढली. मला धंद्याच्या शिस्तीने एक गोष्ट सुचली होती. चुकीचं काही छापलं गेलं असेल तर आमच्या पेपरात दुसऱ्या पानावर दुरुस्ती देण्याची सोय असते. मी यॉर्दिसला म्हणालो, की तिला हवं असेल तर सोमवारच्या अंकात तिचे तारे दुरुस्त करून देता येतील.

"दुरुस्ती कशाला?" ती म्हणाली. "त्या दिवशी दोनच होते."